गुरुदास तारींचा बटाट्याचा डोंगर

१९८६ च्या जूनमध्ये माझी मालवणच्या शाळेत बदली झाली आणि मी दांडी या किनाऱ्यावरच्या वाडीत तारींच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली. मी मूळची साताऱ्याकडची. समुद्र त्याआधी एकदाच पाहिलेला, आणि बोटीवर नोकरी करणारा माणूस तर कधीच नाही. घरात तिघंच होती: गुरुदास तारी, त्यांची बायको सत्यवती आणि गुरुदासांची थोरली विधवा बहीण रुक्मिणीअक्का. एकुलती मुलगी लग्न होऊन वेंगुर्ल्याला गेलेली. गुरुदास तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते, आणि मी राहायला आल्यावर तीनच आठवड्यांनी ते कायमचे घरी आले.

चोवीस वर्षं ते मालवाहू बोटींवर स्वयंपाकी होते. भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि चीफ कूकपर्यंत पोहोचले. पुढची बोट धरण्याआधी मुंबईत तपासणी झाली, तेव्हा डॉक्टरांना दोन्ही डोळ्यांत काचबिंदू सापडला. डावा डोळा जवळजवळ गेलाच होता. उजव्या डोळ्यानं नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, आजूबाजूचं काही नाही. औषधानं आहे ते टिकेल, गेलेलं परत यायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. समुद्रावर जायला कायमचे अपात्र असा शेरा कागदावर पडला आणि ते एक पेटी घेऊन एसटीनं मालवणला उतरले.

पहिले काही महिने त्यांनी फार वाईट काढले. चौकटीला खांदा लागायचा, ओसरीची पायरी चुकायची. सत्यवतीबाई सावलीसारख्या मागे असायच्या. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांना स्वतः उचलू देत नसत. अक्कांचं म्हणणं साधं होतं. "गुरु, तू बस रे. आमी आसंव मा?" आणि गुरुदास बसायचे. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, खुर्ची टाकून, समुद्राकडे तोंड करून. मी संध्याकाळी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, तेवढंच काय ते बोलणं.

मला एक गोष्ट फार नवलाची वाटली. हा माणूस तीस-तीस जणांना तिन्ही त्रिकाळ रांधून घालत जगभर फिरला होता, पण स्वतःच्या घरात त्यानं एकदाही चूल पेटवली नव्हती. सुट्टीवर यायचा तो पाहुण्यासारखा. अक्का आणि सत्यवतीबाई त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरही थांबू देत नसत. बाप्यानं घरात रांधायचं म्हणजे बायकांची अब्रू जायची, असा हिशेब. एकदा मी सत्यवतीबाईंना विचारलं, "तुम्ही त्यांच्या हातचं काही खाल्लंच नाहीये?"

त्या चुलीतलं लाकूड पुढे सारत म्हणाल्या, "नाय गो बाईनू. जगान खाल्ल्यान. मी नाय."

गुरुदासांनी डोंगराची गोष्ट मला त्याच सुमारास सांगितली. १९७४ साली त्यांची बोट इंजिन बिघडून मेक्सिकोतल्या वेराक्रूझ बंदरात सव्वा महिना अडकली होती. बंदराच्या फाटकाबाहेर एक म्हातारी ताको विकायची. तळहाताएवढी मक्याची भाकरी, तिच्यात तिखट खिमा, वर चिरलेला कांदा-टोमॅटो, हिरवी मिरची आणि लिंबू. गुरुदास रोज तिच्याकडे जाऊन बसायचे. तिची भाषा यांना येत नव्हती, यांची तिला. तरी महिन्याभरात तिनं त्यांना सगळं शिकवलं. बोट सुटली तेव्हा त्यांनी मक्याचं पीठ बरोबर घेतलं, पण भर समुद्रात एके दिवशी खिमा शिजून तयार आणि पिठात पाणी शिरून ते आंबलेलं. बाहेर खलाशी थाळ्या वाजवताहेत. शेजारच्या कढईत साहेब लोकांसाठी बटाट्याच्या लांब काचऱ्या तळून ठेवल्या होत्या, ज्यांना ते फ्राइज म्हणतात. गुरुदासांनी त्या परातीत ओतल्या, वर घेवडा, वर खिमा, कांदा-टोमॅटो, वर किसलेलं चीज आणि दह्याची पांढरी चटणी. परात बाहेर गेली आणि रिकामी परत आली. त्या दिवसापासून प्रत्येक बोटीवर शनिवारी तेच. खलाशी त्याला 'तारीचा डोंगर' म्हणायचे.

हे सांगताना त्यांचे हात हवेत चालत होते. इतक्या महिन्यांत त्यांचे हात चालताना मी पहिल्यांदा पाहिले.

पुढच्या वर्षी, म्हणजे सत्त्याऐंशीच्या दसऱ्यानंतर, गावात बातमी आली की बंदराजवळच्या बाबू सारंगांच्या लॉजवरचा स्वयंपाकी गोव्याला निघून गेला. दिवाळीच्या सुट्टीत किल्ला बघायला माणसं येणार आणि बाबूकडे रांधायला कोणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा गुरुदास इस्त्रीचा शर्ट घालून खळ्यात उभे होते.

"बाईनू, माका बाबूच्या लॉजर सोडशात? तुमच्या वाटेरच आसा."

मी हात पुढे केला. त्यांनी हात धरला नाही, फक्त माझ्या खांद्याच्या अर्धं पाऊल मागून चालत राहिले.

बाबू माणूस चांगला होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. गुरुदासांनी काम मागितलं तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला.

"गुरुदासदादा, तुमच्या हाताबद्दल माका शंका नाय. पण तुमका दिसत नाय. उकळत्या तेलाकडे मी तुमका कसो उभो करू? उद्या कायतरी झाला तर अक्काक मी काय सांगू?"

"बाबू," गुरुदास शांतपणे म्हणाले, "चोवीस वर्सां मी हलणाऱ्या बोटीर तळलंय. तुझी जमीन तरी हलना नाय."

बाबू हसला, पण मान काही हलवेना. तेव्हा गुरुदास उठले. "एक काम कर. आयतवारी माझ्या घराक जेवक ये. ह्या नाय, फुडच्या आयतवारी. मी रांधतलंय. जेवान उठ आणि मगे नको म्हण."

घरी जो गोंधळ झाला तो मी शाळेतून आले तरी चालूच होता. अक्का सत्यवतीबाईंना तावातावानं सांगत होत्या. "बाबूक सांगून ये, गुरु गमतीन बोललो म्हणान! आंधळ्या माणसान तेलाकडे जावचा?" 'आंधळा' हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला होता. तोंडातून गेल्यावर अक्कांनी जीभ चावली. गुरुदास भिंतीला टेकून उभे होते. मला वाटलं, संपलं, आता परत खुर्ची आणि समुद्र.

बोलल्या त्या सत्यवतीबाई. इतका वेळ त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमी भाजलास तर मी सगळ्यांका काय तोंड दाखवू? आधी माका करून दाखवा. माका पटला तर बाबूक दाखवा."

गुरुवारी दुपारी त्यांनी करून दाखवलं. मी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. बटाटे कोपऱ्यावरच्या दुकानातले, आग वातीच्या स्टोव्हची. गुरुदासांनी पेटीतून आपली सुरी काढली. बटाटा डाव्या हाताच्या बोटांनी धरून, बोटं मागे सरकवत, करंगळीएवढ्या एकसारख्या कांड्या पाडल्या. मला डोळे असून तशा जमल्या नसत्या. मग त्यांनी तळहात कढईवर धरून तेलाचा ताव पाहिला. एक कांडी सोडली, कान दिला. बाकीच्या सोडल्या. हात कुठेही अडखळला नाही. पण कांड्या बाहेर आल्या त्या काळपट तांबूस आणि मऊ. झाऱ्यावरून दोन्ही बाजूंना लोंबत होत्या.

अक्कांनी एक उचलून पाहिली. "ही काय गांडुळां तळलंस रे?"

गुरुदासांनी स्वतः एक तोंडात टाकली, चावली आणि बाहेर खुर्चीवर जाऊन बसले. जेवायलाही उठले नाहीत. मला वाईट वाटत होतं. मी सत्यवतीबाईंना म्हटलं, "आता बाबूंना निरोप पाठवायचा का?"

त्या कढई उतरवत होत्या. त्यांनी मला जवळ बोलावून स्टोव्हच्या भोवतीची जमीन दाखवली. तेलाचा एक थेंब नव्हता. "बघितलात? मी तळतंय तेव्हा ह्या सारवणाचा काय होता ता बघा. बाईनू, बटाटे फसले. ते नाय फसले." आणि त्या हसल्या. त्यांच्यातली भीती त्या दुपारी गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गुरुदासांनी स्वतःच दुकानातल्या उरलेल्या बटाट्यांचा निकाल लावला. बटाटा कापून त्याच्या दोन फोडी एकमेकींवर घासल्या, बोटं चोळली, जिभेला लावली. "हो बटाटो गोड आसा. थंड गुदामात पडून ऱ्हवलो की तेच्यात साखर होता. साखर आधी करपता, आतला पाणी जायनाच नाय. दोष माझो. बोटीर मी पोता उघडल्याशिवाय घेय नसलंय, हयसर डोळे झाकून घेतलंय." स्वतःच्या बोलण्यातली गंमत त्यांच्या लक्षात आली आणि ते मोठ्यानं हसले. सत्यवतीबाईही हसल्या. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत, पण आतून चहा घेऊन आल्या.

कुडाळच्या आठवडी बाजाराच्या दिवशी नवरा-बायको पहिल्या एसटीनं निघाली. बरोबर एक रिकामी बादली आणि मिठाची पुरचुंडी. पुढचं मला सत्यवतीबाईंनी सांगितलं, आणि नंतर पुन्हा पुन्हा सांगितलं, कारण त्यांना ते सांगायला फार आवडायचं.

बाजारात शिवा नावाचा बटाट्याचा व्यापारी बसायचा. गुरुदासांनी त्याच्यासमोर बादली ठेवली, सत्यवतीबाईंना पाणी आणायला लावलं, त्यात मीठ विरघळवलं. पाणी जिभेवर घेत घेत मीठ वाढवलं, हवा तेवढा खारटपणा येईपर्यंत. मग शिवाच्या पहिल्या पोत्यातले पाच बटाटे बादलीत सोडून हात आत घातला. पाचही वर आले.

"ओ, माझे बटाटे कित्याक बुडवतास?" शिवा ओरडला.

"बुडवतंय खंय? बुडनतच नाय ते," गुरुदास म्हणाले. "तरंगता तेच्या पोटात पाणी. बुडता तेच्या पोटात पीठ. माका पिठाचो बटाटो व्हयो."

दुसऱ्या पोत्यातले दोन बुडाले, तीन तरंगले. तोवर भोवती माणसं जमली होती. कोणी म्हणालं, हा माणूस बटाट्यांना अंघोळ घालतोय. सत्यवतीबाईंना लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्या बादली धरून तिथंच बसल्या. तिसरं पोतं शिवानं स्वतःच उघडलं, कारण आता त्यालाही बघायचं होतं. त्यातले पाचही बटाटे दगडासारखे तळाशी गेले. गुरुदासांनी एक कापायला लावला, फोडी घासल्या. बोटांना पांढरा चिकट फेस आला. जमलेली माणसं टाळ्या वाजवायला लागली. शिवानं विचारलं, "खंय शिकलास ह्या?" गुरुदासांनी उत्तर दिलं, "समुद्रार." आणि तिसरं पोतं सगळंच्या सगळं घेतलं. एसटीच्या टपावर पोतं चढवताना कंडक्टर कुरकुरला, तर सत्यवतीबाईच त्याला म्हणाल्या, "नीट ठेव रे. परीक्षा पास झालेले बटाटे आसत ते."

रविवारी सकाळी सहापासून घर कामाला लागलं. त्या दिवशी मालक गुरुदास होते. स्टोव्ह त्यांनी बाजूला ठेवायला लावला, त्याचा ताव कढईला पुरत नव्हता. चुलीत करवंट्या भरल्या. करवंटीची आग धूर न करता कडक जळते. मला कांदा-टोमॅटो बारीक चिरायचं काम मिळालं, त्यात मिरची, कोथिंबीर आणि लिंबाऐवजी परसातली बिंबलं. त्या आंबट फळांच्या फोडी दातांखाली आल्या की जीभ जागी होते. खिम्याऐवजी कोळंबी, कारण सकाळी किनाऱ्यावर ताजी आली होती. गुरुदासांनी ती जाडसर चिरायला लावली. बेडगी मिरच्या, धणे, जिरं, लसूण भाजून सत्यवतीबाईंनी पाट्यावर वाटलं. आंबटाला सोलं, म्हणजे सुकवलेलं कोकम. घेवड्याच्या जागी चवळी, शिजवून अर्धवट ठेचलेली. आदल्या दिवशीच दही फडक्यात टांगून चक्का केला होता, तो लसूण-मीठ घालून घोटला. चीज मालवणात मिळण्यासारखं नव्हतं. गुरुदास म्हणाले, "नसलेल्याची वाट बघीत रवलंय तर बोट उपाशी मरतली."

बटाट्याच्या कांड्या त्यांनी तीन पाण्यांतून धुतल्या, पाण्याचा बुळबुळीतपणा बोटांना लागेनासा होईपर्यंत. मग धोतराच्या स्वच्छ फडक्यावर पसरून कोरड्या केल्या. "दोनदा तळूचे," ते मला समजावत होते. "पयल्यांदा कमी तावार, आत शिजण्यापुरते. मगे थंड करूचे. जेवणारो पाटार बसलो की मगे कडक तेलात. तेल बोलता बाईनू. आत पाणी आसा तवसर बाजारासारखो गलको करता. पाणी सरला की गलको बारीक होता. त्या टायमाक काढूचा."

पहिलं तळण झालं. मी कान देऊन ऐकलं. खरंच, आवाज खाली आला तसा त्यांचा झारा खाली गेला.

बारा वाजता बाबू आला. त्याच्यामागे निपाणीची नऊ माणसं होती. बाया, बापे, एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत.

बाबू खळ्यातच थांबला. "गुरुदासदादा, माफ करा. ही माणसा लॉजर उतरलीत. माझ्याकडे रांधूक कोण नाय. जेवक खंय घालू?"

अक्कांनी कपाळाला हात लावला. सत्यवतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही तयारी केली होती ती घरची माणसं आणि बाबू धरून पाच जणांची.

गुरुदासांनी आतूनच विचारलं, "किती?"

"माका धरून धा."

"बरा. हात धुवा आणि बसा." आणि मग आमच्याकडे वळून, बोटीवर देत असतील तशा आवाजात, "सत्यवती, आनी दोन शेर बटाटे. कोळंबी थोडी आसा, चवळी वाढव, टोपात आनी एक वाटी वाटप घाल. बाईनू, कांदो."

अठ्ठेचाळीस वर्षांचा तो माणूस त्या क्षणी दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखा वाटला. सुरी पाटावर अशी चालू लागली की बाहेरची माणसं दाराशी येऊन बघायला लागली. अर्ध्या तासात नव्या कांड्या धुऊन, पुसून, एकदा तळून निघाल्या.

आणि मग अक्कांनी चूक केली. शेवटच्या कडक तळणाची वेळ आली होती, कढई भरून कांड्या तेलात होत्या. अक्कांना आग मंदावल्यासारखी वाटली. त्यांनी पडवीतल्या ढिगातून नारळाची सोडणं आणून चुलीत कोंबली. ती ओली होती. एका मिनिटात स्वयंपाकघर पांढऱ्या धुरानं भरून गेलं. समोरचा हात दिसेना. अक्का खोकत बाहेर पळाल्या, मी त्यांच्यामागे, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. पंगतीतली माणसं उठून खळ्यात आली. कोणीतरी ओरडलं, "आग! आग!"

सत्यवतीबाई आत होत्या. त्यांनी नवऱ्याचा दंड धरून ओढलं. आतून गुरुदासांचा आवाज आला, अगदी शांत.

"हात सोड. तू भायर जा. आता सोडलंय तर सगळा जातला."

त्या बाहेर आल्या आणि खांबाला धरून उभ्या राहिल्या. आम्हांला आतलं काही दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. चिमटा वाजला. मग निखाऱ्यावर पाणी ओतल्यासारखा चर्र आवाज. गुरुदासांनी अंदाजानं नाही, नेमकी ती ओली सोडणं चुलीतून ओढून विझवली होती. अक्कांनी कुठल्या बाजूनं काय घातलं ते त्यांनी कानांनी टिपलं होतं. मग पुन्हा तेलाचा आवाज. कढईतला गलका बारीक होत गेला, आणखी बारीक झाला. झाऱ्यावर काहीतरी कोरडं, कडक, शिंपल्यांसारखं खळखळलं.

"परात!"

सत्यवतीबाईंनी पदर नाकाला लावला, पितळेची परात उचलली आणि त्या धुरात शिरल्या.

थोड्या वेळानं दोघं एकत्र बाहेर आली. गुरुदासांच्या तोंडाला ओला पंचा बांधलेला, डोळे घट्ट मिटलेले. बाकी सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते, त्यांनी आपले उघडलेच नव्हते. त्यांना त्या कामाला डोळे लागलेच नव्हते. परातीत सोन्याच्या रंगाच्या कांड्यांचा ढीग होता. एकही काळी नाही, एकही लोंबणारी नाही. खळ्यातच, सगळ्यांसमोर, त्यांनी वर चवळी पसरली, तिच्यावर लालभडक कोळंबी, मग कांदा-टोमॅटो-बिंबलं, मग चमच्यानं चक्क्याची पांढरी धार आणि कोथिंबीर. हातानं कडा चाचपून पाहिल्या, सगळीकडे सारखं पोहोचलं का.

"खावा. लगेच. थांबलात तर मऊ पडतला."

पानं मांडायला कोणी थांबलं नाही. परातीभोवती उभ्यानंच सुरुवात झाली. पहिला कुरकुरीत आवाज निपाणीच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या तोंडून आला. त्यांनी डोळे विस्फारले आणि दुसरा घास आधीच उचलला. मी स्वतः खाल्लं तेव्हा आधी बटाट्याचं करकरीत कवच फुटलं, आत गरम पिठूळ गर, मग कोळंबीचं तिखट, मागून बिंबलाचा आंबट चटका, आणि सगळ्यांवर थंड चक्का. असं मी तोवर काही खाल्लेलं नव्हतं.

अक्का बाजूला उभ्या होत्या. गुरुदासांनी एका बशीत भरून त्यांच्या दिशेनं धरली. "अक्का, गांडुळां."

अक्कांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग बशी हातात घेऊन त्या पायरीवर बसल्या आणि शेवटच्या कणापर्यंत खाऊन म्हणाल्या, "आणि ह्या चोवीस वर्सां परक्यांका घातलंस? माका नाय?" त्यांचे डोळे भरले होते. धुरानं असतील असं त्या म्हणाल्या.

सत्यवतीबाई परातीशी गेल्याच नव्हत्या. गुरुदासांनी विचारलं, "ती खंय?" त्या जवळ आल्या, तेव्हा त्यांनी आपल्या हातानं एक घास उचलून पुढे केला. इतक्या माणसांदेखत! सत्यवतीबाई लाजून लाल झाल्या. पण त्यांनी तोंड उघडलं.

परात रिकामी झाली. दुसरी भरली, तीही रिकामी झाली. निपाणीची मंडळी टाळ्या वाजवत होती. बाबू इतका वेळ फक्त खात होता. हात धुऊन तो गुरुदासांसमोर येऊन उभा राहिला.

"दादा, उद्या सकाळी येतास?"

"येतंय," गुरुदास म्हणाले. "पण दोन गोष्टी. एक, तुझ्या रांधपातली भांडी मी लावतलंय तशी ऱ्हवतली. एकानय पळी हलवूची नाय. दोन, सत्यवतीक पण घेऊचा. मासे तिच्यासारखे माका येणत नाय. मदतनीस म्हणान नाय, माझ्या बरोबरीन."

बाबूनं सत्यवतीबाईंकडे पाहिलं. मला वाटलं त्या नको म्हणतील. त्या पदरानं कपाळावरची काजळी पुसत म्हणाल्या, "चूल मोठी आसा मा तुझी?"

दोन दिवस गुरुदासांनी लॉजच्या स्वयंपाकघरात फक्त पावलं मोजली. चूल ते मोरी चार, मोरी ते फळी तीन. मिठाचा डबा, तिखटाचा डबा, झारे, कढया, सगळं त्यांच्या हाताच्या अंतरावर बसवलं. दिवाळीच्या सुट्टीत किल्ला बघायला एवढी माणसं आली की बाबूला ओसरीत बाकं टाकावी लागली. दारावरच्या फळ्यावर रोजचे पदार्थ लिहायचं काम माझ्या अक्षरामुळे माझ्याकडे आलं. सुरमईची कढी, तिसऱ्या, भाकरी, आणि शनिवारी सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, तारींचा डोंगर. कुडाळहून, ओरोसच्या कचेऱ्यांतून माणसं शनिवारी मुद्दाम यायला लागली. खाऊन झालं की एखादा हमखास विचारायचा, स्वयंपाकी कोण? गुरुदास हात पुसत बाहेर यायचे आणि आवाजाच्या दिशेनं तोंड करून एकच विचारायचे, "मीठ बरोबर होता मा?"

अक्का गावभर सांगायच्या की त्या दिवशी धूर त्यांनी मुद्दामच केला होता, बाबूला पटावं म्हणून. कोणीही त्यांना खोटं ठरवलं नाही.

एकोणनव्वदच्या मे महिन्यात माझी बदली पुन्हा साताऱ्याकडे झाली. निघायच्या दिवशी दुपारी मी लॉजवर निरोप घ्यायला गेले. शनिवार होता, बाकं भरलेली. आत सत्यवतीबाई दोन नव्या बायांना सुरमई कशी कापायची ते दरडावून सांगत होत्या. त्यांचा आवाज मी त्या घरात राहिले तेव्हा इतका मोठा कधी ऐकला नव्हता. गुरुदास चुलीपाशी होते. माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं.

मी काहीतरी बोलायचं ठरवून गेले होते. आभार वगैरे. मी सुरुवात केली, "गुरुदासदादा, मी आज..."

त्यांनी झारा उचलून कान दिला, कढई उतरवली आणि एक गच्च भरलेली बशी माझ्या हातात ठेवली.

"माका माहीत आसा, तुमची एसटी तीनची. बोलणा मगे. आधी खावा, गरम आसा तवसर."